जमिनीला किंमत, इमारतीला नाही : इंदूरच्या हुकुमचंद मिलचे प्रकरण

25 डिसेंबर 2023 रोजी इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश मिलच्या अवसायकाकडे (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी फेडण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) आणि कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे सुपूर्द करण्यात आला. पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीवरून या कार्यक्रमात सहभागी झाले होते, आणि सुमारे 4,800 कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना याचा लाभ होईल असे सरकारने जाहीर केले. मिल बंद पडली होती 12 डिसेंबर 1991 रोजी. त्या दिवशी 5,895 कामगार कामावर होते. मधल्या बत्तीस वर्षांत त्यांतील कित्येक जण आपल्या हक्काचा पैसा न पाहताच गेले, आणि अनेक घरांत रक्कम आली ती विधवेच्या किंवा नातवंडांच्या खात्यावर.

येथे हे प्रकरण मांडायचे आहे ते त्याच्या दुसऱ्या बाजूने. कामगारांचे पैसे सर्वांआधी फिटायला हवे होते आणि ते फार उशिरा फिटले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या 42.5 एकर जमिनीच्या मोबदल्यातून हा पैसा उभा राहिला, त्या जमिनीवर इंदूरच्या औद्योगिक इतिहासातील एक फार मोठी वास्तू उभी होती, आणि तिच्या बाजूने बोलणारा पक्षकार या साऱ्या कायदेशीर रचनेत कोठेच नव्हता. जुन्या गिरण्यांच्या पुनर्वापराची चर्चा आपल्याकडे बहुधा कल्पकतेच्या अंगाने होते : संग्रहालय करावे, कलादालन करावे, बाजार भरवावा. माझे म्हणणे असे की पुनर्वापर फसतो तो कल्पनांच्या अभावी नव्हे. गिरणीचा भोंगा थांबल्यापासून तिचा अंतिम निकाल लागेपर्यंतच्या काळात इमारतीची देखभाल करण्याचा अधिकार आणि पैसा कोणाहीकडे नसतो, आणि इमारत त्या काळात मरते. हुकुमचंद मिल हे त्याचे स्वच्छ उदाहरण आहे.

मिलक्षेत्राची घडण

इंदूरचे कापड हा होळकरी राज्यकर्त्यांनी जाणीवपूर्वक उभा केलेला व्यवसाय होता. दुसऱ्या तुकोजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानच्या पैशाने कापडगिरणी काढली, आणि खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. माळव्याचा कापूस आणि अफूच्या व्यापारात साठलेले भांडवल हाताशी होतेच. रेल्वे आल्यावर कोळसा आणि यंत्रे आणण्याची सोय झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी मिल, कल्याणमल मिल, राजकुमार मिल आणि भंडारी मिल अशी रांगच उभी राहिली. हुकुमचंद मिल पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सर सेठ हुकुमचंद यांनी काढली. कापसाच्या व्यापारातील त्यांचे वजन मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत मानले जाई, आणि काच मंदिर व इंद्रभवन या त्यांच्या वास्तू आजही इंदूर पाहायला येणाऱ्यांना आवर्जून दाखवल्या जातात. ज्या गिरणीच्या आधारावर त्यांच्या पदरी हजारो कुटुंबे जगली, ती मात्र त्या यादीत कधी आली नाही.

जुन्या शहराच्या ईशान्येला पसरलेला हा पट्टा इंदूरकरांच्या तोंडी आजही ‘मिलक्षेत्र’ आहे. पाटणीपुरा, परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिल चौक, कुलकर्णी भट्टा या वस्त्या गिरण्यांच्या पाळ्यांभोवती वाढल्या. राजस्थान, उत्तर प्रदेश आणि खानदेश-वऱ्हाडातून आलेले कामगार येथे शेजारी शेजारी राहिले. खात्यांत मास्तर, कारकून, फिटर, जॉबर म्हणून काम केलेल्या मराठी माणसांच्या पिढ्या या भागात आहेत, आणि सार्वजनिक गणेशोत्सव मिलच्या आवारात रुजला त्यामागे ही वस्ती होती.

याच काळात, 1918 मध्ये, पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने इंदूर दरबाराला शहराच्या विकासाचा दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरेच्या घरे पाडण्याच्या तेव्हाच्या पद्धतीला त्याचा सक्त विरोध होता. आधी प्रत्येक गल्ली पायी फिरून पाहावी, काय टिकवता येईल ते ठरवावे आणि मगच जेवढे अपरिहार्य असेल तेवढेच पाडावे, असा त्याचा आग्रह असे. शहराच्या नियोजनाची सुरुवात पाहणीपासून झाली पाहिजे, हा विचार ज्या शहराला शंभर वर्षांपूर्वी इतक्या तपशिलाने सांगितला गेला, त्या शहराने आपल्या गिरण्यांची रीतसर पाहणी त्या धडधाकट असताना करायला हवी होती, असे म्हणणे अवाजवी ठरू नये.

1991 ते 2023 : कोणाचा दावा, कशावर

मिल बंद झाल्यावर तिचा व्यवहार तीन टप्प्यांतून गेला. पहिल्या टप्प्यात ती बंद होती, पण कंपनी म्हणून जिवंत होती. 2001 मध्ये ती अवसायनात गेली आणि मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या अवसायकाच्या ताब्यात आली. ऑगस्ट 2007 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने कामगारांची देणी 229 कोटी रुपये ठरवली. 5,895 कामगारांत ही रक्कम सारखी वाटली असती, तर प्रत्येकी चार लाखांहून थोडे कमीच आले असते. ही रक्कमही एकदम मिळाली नाही. काही हप्ते मिळाले, आणि 174 कोटी वर्षानुवर्षे बाकी राहिले. अखेरच्या तडजोडीत या बाकीवर 44 कोटींचे व्याज धरले गेले.

पैसे अडले ते जमिनीच्या मालकीपायी. जमीन मिलची की नगर निगमची, म्हणजे इंदूरच्या महापालिकेची, हा वाद सुटेपर्यंत लिलावाला खरे ग्राहक मिळणे शक्य नव्हते, आणि लिलाव झाल्याशिवाय कामगारांना देण्यासाठी अवसायकाकडे काही नव्हते. शेवटी मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या हाऊसिंग बोर्डाने, नगर निगमशी करार करून ही जमीन विकासासाठी घेतली आणि कामगार, बँका व इतर धनको यांच्या देण्यांसाठी सुमारे 425 कोटी रुपये भरले. 42.5 एकरांना 425 कोटी, म्हणजे एकरी दहा कोटी. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

या संपूर्ण व्यवहारात कायदा कामगारांच्या बाजूने होता, हेही सांगितले पाहिजे. 1956च्या कंपनी कायद्यात 1985 साली 529-अ हे कलम घातले गेले. त्याने अवसायनात निघालेल्या कंपनीच्या कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने आणि बाकी सर्वांच्या आधी ठेवली. 2016च्या दिवाळखोरी संहितेने, कलम 53 मध्ये, अवसायनापूर्वीच्या 24 महिन्यांच्या कामगार देण्यांना तारणधारक धनकोंच्या बरोबरीचा क्रम दिला. गिरणी कामगारांच्या दीर्घ लढ्यांतून मिळालेले हे संरक्षण आहे आणि ते कमी होता कामा नये. मात्र या कलमांची भाषा पाहिली, तर मालमत्ता म्हणजे विकून रोकड करता येईल अशी वस्तू, एवढाच अर्थ तेथे अभिप्रेत असतो. यंत्रांची किंमत भंगाराच्या दराने होते. सागवानी तुळया, बिडाचे खांब, गर्डर यांची किंमत वजनावर होते. जमिनीची किंमत ती मोकळी असेल तर जास्त येते. म्हणजे उभी इमारत अवसायकाच्या दृष्टीने संपत्ती नसून पाडण्याचा खर्च असतो. अवसायकाने यापेक्षा वेगळे वागावे अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण धनकोंच्या पैशाला जास्तीत जास्त मोल मिळवून देणे हेच त्याचे कर्तव्य आहे. एखाद्या अवसायकाने शंभर वर्षांच्या शेडच्या दुरुस्तीवर पैसे घातले असते, तर त्याला कामगारांपुढेच जाब द्यावा लागला असता, आणि कामगारांचे बरोबर असते.

म्हणूनच या प्रकरणात वारसाप्रेमी एका बाजूला आणि कामगार दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करणे चूक आहे. इमारत टिकवण्याचा प्रश्न देण्यांच्या प्रश्नापासून आधीच वेगळा काढायला हवा होता आणि त्याचा खर्च वेगळ्या खिशातून यायला हवा होता. तसे न झाल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच तराजूत पडल्या, आणि त्या तराजूत विटांचे पारडे कधीच जड होणार नव्हते.

गिरणीची शेड कशी मरते

यातील तांत्रिक भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण ‘इमारत जीर्ण झाली होती, पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते’ हे वाक्य अशा प्रत्येक प्रकरणात ऐकू येते आणि ते बहुधा खरेही असते. प्रश्न असतो तो ती जीर्ण कशामुळे झाली हा.

त्या काळच्या कापडगिरणीत सूत कातण्याचे सूतखाते आणि साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, कापड विणण्याचे साचेखाते यांच्या इमारती वेगळ्या जातीच्या असत. सूतखाते अनेकदा मजल्यांचे असे आणि त्याचे मजले यंत्रांचे वजन व हादरा सोसण्यासाठी जाडजूड बांधलेले असत. साचेखाते एकमजली असे, कारण शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असताना वरच्या मजल्यावर त्यांचा हादरा परवडत नसे. त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे दिवसभर सारखा, सावलीविरहित उजेड मिळे आणि ऊन थेट कापडावर पडत नसे. तिरकी बाजू पत्र्याची किंवा कौलांची. दोन दात्यांच्या मधल्या खोलगट भागात लांबच लांब पन्हळ असे आणि ती बिडाच्या पोकळ खांबांतून किंवा खांबालगतच्या नळांतून पाणी खाली सोडत असे.

अशा शेडचा प्राण या पन्हळीत असतो. इंदूरला वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. मिल चालू असताना पावसाळ्यापूर्वी छपरावर माणसे चढवून पन्हळी साफ करणे हे देखभाल खात्याचे ठरलेले काम असे. मिल बंद झाली की पहिल्या वर्षी पन्हळीत पाने, धूळ आणि कापसाची जुनी फुसी साचते. दुसऱ्या वर्षी तीत माती धरते आणि पिंपळाचे बी रुजते. पाणी पन्हळीतून उलटून कैच्यांच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांच्या, टोकांवर पडू लागते, म्हणजे नेमके तेथे, जेथे कैचीचा सगळा भार खांबावर उतरतो. सागवान तेथे कुजते, लोखंड तेथे गंजते. एखादी कैची खचली की पन्हळीचा उतार बिघडतो आणि शेजारच्या दात्यातही पाणी शिरते. खाली जमिनीत पाणी मुरले की माळव्याची काळी माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ज्या भिंतींचा पाया पिवळ्या मुरुमापर्यंत नेलेला नाही त्यांना तिरक्या भेगा पडतात. हा सारा क्रम दहा-बारा वर्षांचा आहे. थांबवण्यासाठी पहिल्या पाच वर्षांत लागते ते दरवर्षी चार-सहा माणसांचे काही दिवसांचे काम, थोडे पत्रे, थोडे डांबर. पंधराव्या वर्षी त्याच इमारतीला कोट्यवधी रुपये लागतात आणि तेव्हा ती वाचवा म्हणणारा माणूस अव्यवहारी ठरतो.

मिल बंद झाल्यापासून अवसायन सुरू होईपर्यंत दहा पावसाळे गेले. देण्यांचा निकाल लागेपर्यंत बत्तीस गेले. इतके पावसाळे कोणतीही बेवारस शेड सोसत नाही.

त्या आवारात मधल्या काळात वाढले ते झाडांचे रान. अलीकडे ही जमीन विकासासाठी देण्याचे ठरले, तेव्हा शहराच्या मध्यावरची ही झाडी तोडू नये म्हणून नागरिकांनी आवाज उठवला, आणि तो योग्यच होता. झाडांच्या बाजूने लोक उभे राहिले, कारण झाडे दिसत होती आणि झाडांसाठी बोलायला परवाना लागत नाही. भिंतीमागच्या खात्यांबद्दल मात्र आतून कधी गेलेले लोकच बोलू शकले असते, आणि त्यांच्यापुढे त्यांच्या भाकरीचा प्रश्न होता.

वापर चालू होताच

पुनर्वापर हा शब्द वापरताना आपण गृहीत धरतो की जुना वापर संपला आणि आता नवा शोधायचा आहे. हुकुमचंद मिलच्या बाबतीत हे गृहीतक पूर्ण खरे नव्हते. साचे थांबल्यानंतरही दोन गोष्टी मिलशी जोडलेल्या राहिल्या. एक म्हणजे कामगारांची मिलच्या फाटकावर दर रविवारी भरणारी बैठक, जी तीन दशके चालली आणि जिच्यामुळे दावा जिवंत राहिला. दुसरी म्हणजे अनंत चतुर्दशीची झांकी.

इंदूरबाहेरच्या मराठी वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलांच्या झांक्यांचे चल समारोह निघतात. मोठ्या ट्रॉल्यांवर पौराणिक आणि सामाजिक प्रसंगांचे हलते देखावे, त्यांवर दिव्यांची आरास, मध्ये मध्ये आखाड्यांचे खेळ, आणि पहाटेपर्यंत जेल रोड, महात्मा गांधी मार्ग, जवाहर मार्ग ते राजवाडा असा सारा मध्य भाग माणसांनी फुललेला. ही प्रथा 1920च्या दशकात हुकुमचंद मिलने सुरू केली आणि पाठोपाठ इतर मिलांनी उचलली. मिल बंद पडल्या, पगार थांबले, तरी झांक्या थांबल्या नाहीत. प्रत्येक मिलची गणेशोत्सव समिती नगर निगम व विकास प्राधिकरणाच्या मदतीवर, व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मेहनतीवर दरवर्षी झांकी काढत आली. बंद पडलेल्या कारखान्याच्या नावाने, त्याच कामगारांनी, इतकी वर्षे एक सार्वजनिक उत्सव चालवल्याचे उदाहरण देशात फार सापडणार नाही.

आता झांकी बनते कशी ते जवळून पाहावे. आधी ट्रॉलीच्या मापाचा लोखंडी सांगाडा जोडला जातो. त्यावर बांबू, सुतळी, गोणपाट, कागदाचा लगदा आणि प्लास्टर यांतून मूर्ती उभ्या राहतात. रावणाची मान फिरायची असेल किंवा कालियाची फणा वर-खाली व्हायची असेल, तर खाली मोटार, गिअर आणि साखळी बसवावी लागते, आणि हे काम अजूनही बऱ्याच ठिकाणी अशा हातांकडे आहे ज्यांनी साच्यांची मोडतोड दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवली. शेवटी रंग, वेश आणि दिव्यांच्या माळांची जोडणी. या कामाला काय हवे? उंच छप्पर, खांबांमधून ट्रॉली वळेल एवढी मोकळी जागा, भर पावसाळ्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, कोरडी राहणारी फरशी, वेल्डिंगला पुरेल अशी वीज, रंगकामाला सावलीविरहित उजेड आणि झांकी उभी बाहेर निघेल एवढे उंच दार. ही यादी म्हणजे गिरणीच्या शेडचे वर्णन आहे. शेड नसेल, तर हेच काम ताडपत्रीखाली चिखलात करावे लागते.

माझ्या मते हुकुमचंद मिलच्या पुनर्वापराचा खरा आराखडा येथे होता. एक-दोन खाती दुरुस्त करून तेथे सर्व मिलांच्या झांक्यांची वर्षभर चालणारी कार्यशाळा ठेवता आली असती. उत्सव संपल्यावर त्या झांक्या तेथेच मांडून लोकांना दाखवता आल्या असत्या. उरलेल्या महिन्यांत लोहारकाम, सुतारकाम, विद्युत जोडणी शिकवता आली असती. यात कोणताही आयात केलेला विचार नाही. वापरणारे हजर होते, त्यांचे कसब सिद्ध होते आणि शहराचा जिव्हाळा आधीच मिळालेला होता.

दुसराही एक वापर दाराशी उभा होता. इंदूर हे तयार कपड्यांचे, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांचे मोठे केंद्र आहे, आणि परदेशीपुऱ्यात त्या धंद्यासाठी रेडीमेड कॉम्प्लेक्स उभे आहे. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कामगारांच्या घरांत शिलाई यंत्र आले आणि त्यावर संसार चालले. कापड विणण्यासाठी बांधलेल्या खात्यांत कापड शिवणारे छोटे कारखानदार भाड्याने बसवता आले असते, आणि त्या भाड्यातून पन्हळी साफ राहिल्या असत्या. 1992 साली हे कोणी ठरवायचे? कंपनीकडे पैसा नव्हता, बँकांकडे तारण होते, नगर निगमकडे मालकीचा दावा होता, राज्य सरकारकडे धोरण नव्हते. अधिकार चार ठिकाणी विभागलेला आणि जबाबदारी एकाही ठिकाणी नाही, अशी ती स्थिती होती.

इतरत्र काय घडले

मुंबईचे उदाहरण बहुतेकांना ठाऊक आहे. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची विभागणी सार्वजनिक मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक अशी साधारण तीन वाट्यांत ठरवली होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही विभागणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, त्यामुळे सार्वजनिक वाटा फार आकसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये चिमणी राहिली आणि तिच्या भोवती मॉल आला. नागपुरात टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागीही मॉल आहे. चिमणी ठेवून बाकी सर्व पाडणे याला मी पुनर्वापर म्हणणार नाही. ती जाहिरातीसाठी ठेवलेली खूण असते.

वडोदऱ्याची गोष्ट वेगळी आहे. 1907 मध्ये त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी सुरू केलेल्या अलेम्बिकच्या गोरव्यातील जुन्या शेड अलीकडे वास्तुरचनाकार करण ग्रोव्हर यांच्याकडून दुरुस्त करून घेतल्या गेल्या, आणि तेथे चित्रकार-शिल्पकारांचे स्टुडिओ व प्रदर्शनाच्या जागा आल्या. काम देखणे आहे. तरीही इंदूरच्या माणसाने ते पाहून आपल्याकडे दृष्टी नव्हती असा निष्कर्ष काढू नये. तेथे कंपनी चालू आहे, मालक एक आहे, जमिनीवर धनकोंचा दावा नाही आणि निर्णय घेणाऱ्याला न्यायालयाची परवानगी लागत नाही. शिवाय शेडला सतत धनी होता. दोन शहरांतला फरक येथे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल या गिरण्यांच्या शहराचे प्रकरण इंदूरला जास्त जवळचे आहे, कारण तेथेही उद्योग गेल्यावर रिकाम्या गिरण्या आणि बेकार वस्त्या उरल्या होत्या. 1978 मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान जाहीर झाले, एका गिरणीत चालते साचे ठेवले गेले आणि बाकीच्या इमारतींत घरे, कचेऱ्या, शाळा आल्या. यामागे कराची एक साधी तरतूद आहे. नोंद झालेली ऐतिहासिक इमारत ठरलेल्या पद्धतीने दुरुस्त करून उत्पन्नासाठी वापरात आणली, तर दुरुस्ती खर्चाच्या 20 टक्के रक्कम केंद्रीय आयकरातून वजा मिळते. पाडण्यापेक्षा दुरुस्त करणे परवडावे अशी ही योजना आहे. आपल्याकडे याच्या उलट घडते : जुनी इमारत पाडून नवी बांधली की वाढीव चटईक्षेत्र मिळते आणि जुनी ठेवली की ते हातचे जाते. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे एका जागी न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, सोय मध्य प्रदेशाने नियमांत आणली आहे. ती औद्योगिक वारशाला स्पष्टपणे लागू करून त्या हक्कांना शहरात खरा भाव मिळेल अशी व्यवस्था केली, तर मालकाला इमारत ठेवण्याचे कारण मिळेल.

आता जे करता येण्यासारखे आहे

इंदुरात कारागिरी नाही अशी सबब देता येत नाही. 1984च्या आगीत होरपळलेला राजवाडा आणि शेजारचे गोपाळ मंदिर यांच्या अलीकडच्या दुरुस्तीत चुना, गूळ, मेथी, उडीद यांचे जुने मिश्रण वापरून काम झाले, आणि हे काम केलेले गवंडी व पर्यवेक्षक या शहराला माहीत आहेत. तेच हात विटांच्या औद्योगिक भिंतीवर चालतील. सिमेंटचा गिलावा मारून जुन्या विटेचा श्वास कोंडू नये, एवढी समज तयार झाली आहे.

हुकुमचंद मिलच्या आवारापुरते बोलायचे, तर एकरी दहा कोटींचा हिशेब वर आला आहे. 42.5 एकरांतील एक एकर झांकी कार्यशाळेसाठी राखला, तर दहा कोटींची जमीन अडते, म्हणजे एकूण क्षेत्राचा अडीच टक्क्यांहूनही कमी भाग. हाऊसिंग बोर्डाच्या कोणत्याही मोठ्या आराखड्यात यापेक्षा जास्त जागा शोभेच्या प्रवेशद्वारांना आणि वाहनतळांच्या वळणांना जाते. कामगारांची देणी फिटलेली असल्यामुळे आता या मागणीने कोणाच्या तोंडचा घास काढून घेतला जात नाही. जागा झाडी सांभाळून आणि मुख्य रस्त्याला लागून निवडावी, म्हणजे चतुर्दशीला ट्रॉल्या काढताना घरांच्या वसाहतीतून फिरावे लागणार नाही. उत्तरेचा उजेड घेणारे करवती छप्पर नव्या पोलादी कैच्यांवरही घालता येते. ते जुन्या शेडची नक्कल म्हणून नको. रंगकामाला तोच उजेड हवा म्हणून हवे. दाराची उंची सर्वांत उंच झांकीच्या मापावरून ठरवावी आणि ते माप समित्यांकडून घ्यावे.

शहरातील बाकीच्या मिलांच्या उरल्यासुरल्या इमारतींचे काम मात्र ताबडतोब हाती घेण्यासारखे आहे. निविदा निघण्यापूर्वी प्रत्येक आवाराची मोजणी, नकाशे, छायाचित्रे आणि छपराच्या स्थितीची नोंद व्हावी. जी बांधकामे दुरुस्तीजोगी आहेत ती विक्रीच्या अटींतच नमूद करावीत, म्हणजे खरेदीदार त्यांचा खर्च धरूनच बोली लावेल आणि पुढे वाद राहणार नाही. निकाल लागेपर्यंतच्या काळात पन्हळी साफ करण्यापुरता खर्च अवसायकाने राज्याच्या निधीतून करावा, धनकोंच्या पैशातून नव्हे, अशी तरतूद राज्य सरकार आदेशाने करू शकते. ही रक्कम मोठी नाही. पाहणीच्या पथकात अभियंता आणि वास्तुरचनाकार यांच्याबरोबर त्या त्या मिलच्या देखभाल खात्यातले जुने फिटर असावेत. जमिनीखालचे नळ कोठून गेले आहेत, कोणता खांब पोकळ आहे, कोणत्या खात्याचा पाया नंतर भरला, हे बहुतेक वेळा कोणत्याही नकाशावर नसते. 1991 साली चाळिशीत असलेला फिटर आज सत्तरी ओलांडून गेला आहे, त्यामुळे मोजणीचे हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवे.